फुलसावंगीची हीलर

फुलसावंगी
२६ ऑक्टोबर २०२५

प्रेरणा,

नावाच्या आधी काय लिहावं, या विचारात दोन कागद वाया गेले. मंग म्हटलं, नुसतं नावच लिहावं. नाव तर तुझं तुझ्यापाशीच आहे.

तू माझा नंबर बंद केला, गेममध्येही येत नाहीस. म्हणून हा कागद तुझ्या दादाच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवून राह्यली. फाडायचा असला तर फाड, पण आधी वाच, कारण काम तुझंच आहे.

यवतमाळच्या शीलाताईच्या पोराशी तुझी सोयरीक चालली आहे, हे मले आपल्या गल्लीतल्या राखीनं सांगितलं. ती त्या शीलाताईची भाची. पोरगा शाळेत मास्तर, पहिली बायको आजारात गेली, स्वभावानं गरीब, असं राखी म्हणते. अन् तिच्याच हातून निरोप आला, की शीलाताई आपल्या घरी येणार. दुसरेपणावर पोरगी द्यायची-घ्यायची असली की आधीच्या सासरी जाऊन चौकशी करतात, ही रीत तुले काय सांगू. पोरगी नांदाले कशी होती, तोंडाची कशी, हाताची कशी. म्हणजे तुझी सोयरीक जमते का मोडते, ते आता माझ्या तोंडावर येऊन बसलं. तुले माहीत नसलं तर माहीत असावं, म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट लपवून काय फायदा, गावभर झाली आहे. अमर परत आला. नागपूरले ज्या बाईसोबत त्यानं घर केलतं, तिनं त्याले काढून दिलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा. त्याच्या बापानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, जेवला का. आता पोटचा आहे, काय करता.

दोन दिवस गुपचूप होता. मंग राखीचा निरोप आला अन् याच्या अंगात वारं भरलं. म्हणते, "आई, त्या लोकाईले काहीतरी सांग. सोयरीक मोडू दे. मी हातापाया पडून प्रेरणाले घेऊन येतो. सोडचिठ्ठी झाली तर काय झालं, लोक दुसऱ्यांदा लग्न लावतेत."

मी म्हटलं, "बह्याडा, जेव आधी."

पण माझ्या मनात काय आलं, ते मी त्याले सांगितलं नाही. इथेही आज लिहीत नाही.

तुले एक सांगायचं राहून गेलतं, ते सांगते. गोठ्यात पाय घसरला अन् माझ्या मांडीचं हाड मोडलं, तो हिवाळा आठव. वावरात कापूस फुटून पांढरा झालेला अन् मी खाटेवर पडलेली. साऱ्या गावाच्या लग्नात, भंडाऱ्यात पदर खोचून वाढणारी बाई मी, अन् मले पाण्याचा गिलास दुसऱ्यानं द्यावा! मी भिंतीकडे तोंड करून पडे. तुमच्याशी बोलत नसे. आता हे घर माझ्याशिवाय चालते, मंग मी कायले जगू, असं मले खरंच वाटे. तू सगळं ओळखलं होतं, पण मले उपदेश एका शब्दानंही केला नाहीस.

एक दिवस तू माझ्या बाजूले बसून फोनवर तो गेम खेळत होतीस अन् चुलीवरचं दूध उतू गेलं. "आई, जरा धरा. हिरवी पट्टी खाली आली की इथे बोट दाबा," असं म्हणून फोन माझ्या हातात कोंबला अन् पळालीस. दूध उतरवाले एवढा वेळ लागते का गं? तू जाणून लावला. मले तेव्हाच समजलं होतं.

हीलर म्हणजे काय, ते तू मले सांगितलं. चार जण लढतात, प्रत्येकाच्या डोक्यावरची हिरवी पट्टी म्हणजे त्याचा उरलेला जीव, अन् पाचवा त्याईले मरू देत नाही. मी म्हटलं, हे तर मी जन्मभर करून राह्यली, यात शिकायचं काय! मंग तू मले वेगळं खातं काढून दिलं. त्यात मी म्हणून जी बाई उभी होती, तिचे कपडे पाहून मी म्हटलं, अवो माय, हिच्या अंगावर काही घाल आधी. चार दिवस खेळून तू तिच्यासाठी लांब झगा मिळवला, तेव्हा मी फोन हातात घेतला.

अन् पहिल्याच किल्ल्यात मी सगळ्याईले मारलं. आठवते? राळेगावचा तो नेमसिंग, जिनिंगमध्ये कामाले आहे तो, ढाल घेऊन सगळ्यात पुढे. राक्षस त्याले कुटून राह्यला अन् मी आपली एका कडेनं ओळीनं सगळ्याईले मंतर देऊन राह्यली. ज्याले खरचटलंही नाही त्याले पण. नेमसिंग ओरडे, "आई, मले! मले!" मी म्हणे, "येते बापा, तुझ्यापर्यंत येते, थांब." माझा नंबर त्याच्यापर्यंत येईतो तो मेला, माझी ताकद संपली अन् मंग सगळेच गेले. तू कपाळाले हात लावला. मी म्हटलं, "पंगतीत कोणाले टाळून पुढे जायचं नसते. पंक्तिभेदाचं पाप लागते."

तू हसत हसत म्हटलं, "आई, ही पंगत नाही. ज्याच्या ताटात काहीच नाही, त्याले आधी वाढा."

मले ते शिकाले पूर्ण हिवाळा लागला. पण त्या हिवाळ्यात दूरदूरचे पोट्टे मले हाका मारत, "आई, इकडे या, आई, वाचवा." खाटेवरून न उठता मी त्याईले वाचवे. होळीपर्यंत काठी घेऊन चालाले लागली. डॉक्टर म्हणे हाड चांगलं जुळलं. हाड डॉक्टरनं जोडलं, माणूस तू उठवलंस. हे तुले तोंडावर कधी म्हटलं नाही. आता म्हणून राह्यली.

भागीरथा


फुलसावंगी
४ नोव्हेंबर २०२५

प्रेरणा,

घोळ झाला. शपथेवर सांगते, मुद्दाम केला नाही.

शीलाताई काल सांजच्या येणार म्हणून राखीनं सांगितलं होतं. मी सकाळपासून घर सारवल्यासारखं पुसलं, पोहे भिजवायचे काढून ठेवले. दुपारी वेळ होता म्हणून गच्चीच्या पायरीवर, जिथे रेंज येते, तिथे बसली. नेमसिंग अन् तिघं जण थांबलेच होते. नवा किल्ला, आतमध्ये सात डोक्याचा साप. ऐन मारामारी चालू अन् दारात ऑटो थांबला. शीलाताई अन् तिची जाऊ, भर दुपारी.

आता तूच सांग, मी उठली असती तर चौघं मेले असते. आठवडाभर ते त्या सापासाठी थांबले होते. मी हात वर करून म्हटलं, "या, या, बसा, पाच मिनिटं बसा बरं!"

पाहुणी दारात अन् घरची बाई म्हणते पाच मिनिटं बसा! माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिथेच मले लाटण्यानं मारलं असतं. तुझ्या सासऱ्यानं पाणी दिलं. चहाही त्याईनंच टाकला, साखर एवढी की चमचा उभा राहावा. अन् इकडे फोनमधून नेमसिंगचा आवाज, "आई, मेलो! मेलो!"

शीलाताईची जाऊ दचकून उभी राहिली. "कोण मरून राह्यलं वं?"

मी बोट चालवता चालवता म्हटलं, "काही नाही, नेमसिंग आहे. तो रोजच मरते."

साप मेला. मी घाम पुसत खाली आली, पाया पडली, बसली. जीव असा भरून आलता जिंकल्यामुळे, की शीलाताईनं विचारलं, "हे काय होतं?" तर मी एकदम खुशीत सांगून बसली, "गेम! माझ्या सुनेनं शिकवला मले. तिच्यासारखी हीलर जिल्ह्यात नसंल!"

त्या दोघी एकमेकीकडे पाहाले लागल्या. शीलाताई हळूच म्हणे, "म्हणजे सून दिवसभर फोन घेऊन बसे?"

"दिवसभर नाही वं," मी म्हटलं, "स्वयंपाक, वावर, माझी सेवा, सगळं करून."

"अन् सासूलेही लावून गेली," जाऊ म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मी हाड मोडल्याचं सांगाले लागली, पंगतीचं सांगाले लागली, आधीचं मागे अन् मागचं आधी. तुझी तारीफ करता करता मी तुले फोनवेडी करून ठेवली. पोहे खाऊन त्या लवकरच उठल्या. जाता जाता शीलाताईनं अमरकडे मात्र एकदा नीट पाहिलं. तो दाराआड उभा होता.

त्या गेल्यावर अमर म्हणे, "आई, मानलं तुले. न बोलता मोडलंस."

मागच्या पत्रात मनातलं लिहायचं टाळलं होतं, ते आज लिहिते. मले बरं वाटलं. चहाचे कप विसळून होईपर्यंत मी खुश होती. सोयरीक मोडंल, अमर जाऊन तुले घेऊन येईल, तू परत या पायरीवर माझ्या बाजूले बसशील अन् आपण दोघी मिळून खेळू. या घरात तुझ्या जाण्यानं जेवढी मी एकटी पडली, तेवढं कोणी पडलं नाही. तुझे सासरे मले "तुझे राक्षस संपले असले तर दोन घास वाढ" म्हणून चिडवतात, पण त्याईलेही माहीत आहे, की मी तुझी वाट पाहत राहते.

पण कप विसळून झाले अन् मले माझीच लाज वाटली. तुझे सासरे तेवढ्यात म्हणाले, "भागीरथा, तू बिघडवलं, तूच नीट कर. कायले बसली?"

उद्या यवतमाळले जाऊन राह्यली, शीलाताईच्या घरी. घाबरू नकोस, फोन घरी ठेवून जाईन.

भागीरथा


फुलसावंगी
६ नोव्हेंबर २०२५

प्रेरणा,

जाऊन आली. पाय दुखून राह्यला, तरी आजच लिहिते, नाहीतर धीर व्हायचा नाही.

सकाळची एसटी धरली. यवतमाळच्या स्टँडवरून ऑटो. शीलाताई ओट्यावर बसून तुरीतले खडे निवडत होती. मले काठी टेकत येताना पाहून उठली, हात धरून बसवलं. बाई चांगली आहे, हे मले तिथेच समजलं. मी सूप ओढलं अन् तिच्यासोबत निवडाले बसली. हात चालू असला की मले बोलता येते, नाहीतर नाही.

मी तिले सगळं नीट सांगितलं. खाट, भिंत, उतू गेलेलं दूध. नेमसिंगचं सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणे, "ताई, फोनचं मी परवाच सोडून दिलं. तुमच्याकडून निघाल्यावर राखीनं मले रस्त्यातच सगळं सांगितलं. माझी शंका दुसरी आहे."

"सांग बाई."

"एवढी गुणाची होती, तर तुम्ही तिले धाडली काहून? मी ऐकलं, की तुम्हीच तिची पिशवी भरून दिली. पोरगा तर तिच्याआधीच निघून गेलता. मंग सासूनं सून काहून काढली? काहीतरी असंल ना."

प्रेरणा, हे मले कोणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा विचारलं नाहीस. तू नुसती माझ्याकडे पाहत राहिलीस, पिशवी उचलली अन् गेलीस. मी दारापर्यंत आली नाही. दारापर्यंत आली असती, तर माझ्यानं तुले जाऊ देणं झालं नसतं.

मी शीलाताईले जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

मी म्हटलं, "बाई, तो गेम खेळून मले एक खोड लागली. माणसाच्या डोक्यावर पट्टी पाहायची. घरात बसल्या बसल्या मी पाहे, कोणाची किती उरली. म्हाताऱ्याची बरी आहे. माझी भरत आली. अन् या पोरीची रोज उतरून राह्यली. नवरा सोडून गेला, तरी ती माझं औषध, म्हाताऱ्याचा डबा, वावरातले मजूर, सारं हसून करे. अन् रात्री जेवली का म्हटलं तर म्हणे भूक नाही. तिले भरणारं त्या घरात कोणीच नव्हतं. आम्ही सगळे तिच्यावर जगत होतो. मी 'जा बाई' म्हटलं असतं, तर ती गेली नसती. म्हटली असती, आई, तुमचा पाय बरा होऊ द्या. मंग म्हाताऱ्याचं काही निघालं असतं. ती तिथेच संपली असती. म्हणून मी तोंड वाकडं केलं अन् पिशवी भरली. राग घेऊन गेली तरच ती जाणार होती."

शीलाताईचे हात थांबले.

तुले वाटत असंल, आई माफी मागून राह्यली. मी माफी मागत नाही. परत तशी वेळ आली तर परत पिशवी भरीन. फक्त तुले खरं कारण माहीत असावं, एवढंच. मी तुले काढलं नाही. वाचवलं म्हणत नाही, तेवढी मोठी मी नाही. जाऊ दिलं.

शीलाताई म्हणाली, "मंग आता तर तुमचा पोरगा परत आला. मी पाहिलं त्याले दाराआड. पोरगी माझ्या घरात आली अन् सहा महिन्यानं तुमचा निरोप आला, ये बाई परत, तर? माझ्या पोरानं एकदा बायको गमावली आहे. मी त्याले दुसऱ्यांदा तसं पाहू शकत नाही. तुम्ही बोलावलं तर ती येईल, हे मले तुमच्याकडे पाहून समजते. तर माझ्यासमोर सांगा, तिले बोलावणार नाही म्हणून."

आई गं. तुरीचे दाणे मले दिसेनासे झाले. तिनं सगळं सोडून नेमकं तेच मागितलं, जे एकच माझ्यापाशी उरलं होतं, तू परत येशील ही आस.

मले अमर आठवला. पोरगा आहे माझा, त्याचा संसार उभा राहावा असं मले वाटणार नाही का? बापाशेजारी मान खाली घालून जेवते, ते मले पाहवत नाही. पण त्याच्या ताटाले त्यानंच लाथ मारली होती. तू काय त्याच्या ताटात वाढायची वस्तू आहेस?

मी पदरानं डोळे पुसले अन् म्हटलं, "शीलाताई, मी तिले बोलावणार नाही. पोरासाठी नाही अन् माझ्यासाठीही नाही. तुमच्या घरात तिच्याकडे पाहत जा, बस. ती मागणार नाही, तुम्हीच पाहा."

तिनं मले जेवल्याशिवाय सोडलं नाही. तव्यावरून गरम पोळी माझ्या ताटात टाकून राह्यली अन् मी रडत रडत जेवून राह्यली. येताना एसटीत एक बाई विचारे, माहेरून येऊन राह्यल्या का? मी हो म्हटलं. कोण एवढं सांगत बसते.

घरी येऊन अमरले सांगितलं, की मी शब्द देऊन आली. तो उठला, वावरात गेला अन् अंधार पडल्यावर आला.

भागीरथा


फुलसावंगी
१९ नोव्हेंबर २०२५

प्रेरणा,

काल शीलाताईचा फोन आला. म्हणे, सोयरीक पक्की झाली, पुढच्या महिन्यातली तारीख धरली. मले इतकं बरं वाटलं, की तुझ्या सासऱ्याले मी जोरात हाक मारली अन् ते बिचारे म्हणाले, "काहून, नेमसिंग मेला का?"

मंग शीलाताई म्हणे, "तुम्ही माझ्या ओट्यावर जे बोलल्या, ते मी पोरीले शब्दाशब्दानं सांगितलं. ती लय रडली. दीड वर्षाचं एकदम रडली. तुमची पत्रं पण तिच्यापाशी होती, वाचलेली नव्हती. आता वाचली."

तुले माहीत पडलं, एवढ्यानंच माझं भागलं. तेवढ्यासाठी तर मी लिहीत होती.

ती पुढे म्हणे, "पोरीले आई नाही. लग्नात तिच्या मागे उभी राहाले एक बाई पाहिजे. ती एकाच बाईचं नाव घेऊन राह्यली, पण विचाराले घाबरते. म्हणते, आई आल्या तर गाव त्याईले नावं ठेवंल. मी म्हटलं, मीच विचारते."

गावाचं म्हणशील, तर बातमी सकाळीच फुटली. नळावर एक जण म्हणे, आधीची सासू कुठे सुनेच्या लग्नात उभी राहते का? मी म्हटलं, आजपर्यंत राहत नव्हती, आता राहते. तुझे सासरेही येणार आहेत. त्याईनं कोट उन्हात टाकला, डांबराच्या गोळ्याईचा वास घरभर सुटला आहे. नेमसिंगले मी लग्नाचं सांगितलं तर तो म्हणे, त्या दिवशी कोणीच किल्ल्यात जात नाही, आई नाही तर आम्ही नाही.

अन् अमर. त्याले मी सांगितलं तेव्हा तो बैलाच्या गळ्यातली घंटी पुसत होता. ती परत बांधली. मंग म्हणे, "स्टँडवर मी सोडून देईन तुम्हाले. पाय दुखते तुझा." अजून एक गोष्ट तुले सांग म्हणाला. ती मी सांगत नाही. चांगली होती, पण तुले आता तिची गरज नाही. त्याची त्याच्यापाशीच राहू दे.

शीलाताईले मी शब्द दिला आहे, की तुले कधी बोलावणार नाही. तो मी पाळीन. या दारात तुले ये म्हणणार नाही, पत्रात नाही, फोनवर नाही, मरते वेळेसही नाही.

पण मी येणार नाही, असं मी कोणाले म्हटलं होतं का? येते.

भागीरथा